मुका मार : वैद्याची साक्ष आणि सत्तेचे ठाणे

ज्या दुखापतीत कातडी फाटत नाही, रक्त बाहेर येत नाही, पण आत मांस ठेचले जाते आणि रक्त साकळते, तिला मराठीत ‘मुका मार’ म्हणतात. हा शब्द वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकातला नाही, लोकव्यवहारातला आहे. तरीही चिन्हमीमांसेच्या अभ्यासकाने थबकावे असे त्यात पुष्कळ आहे. उघडी जखम स्वतःच बोलते. मुका मार ज्याने सोसला त्यालाच ठाऊक असतो, आणि त्याच्या बोलण्यावर विश्वास न ठेवण्याची सोय सत्तेपाशी नेहमीच असते. बंद खोलीतल्या मारहाणीचे तंत्र याच सोयीवर उभे असते : पट्टा, लाठी, तळपाय. अशा वेळी तिसऱ्या कोणीतरी त्या माराला वाचा फोडावी लागते, आणि तो तिसरा बहुतेक वेळा वैद्य असतो.

सत्तेच्या दुरुपयोगासमोर एकटा उभा ठाकलेला डॉक्टर ही व्यक्तिरेखा वाचकांना प्रिय आहे. आपण तिचे मोल धैर्याच्या मापाने करतो. तो बोलला की वीर, गप्प राहिला की भेकड. प्रस्तुत निबंधात मला असे म्हणायचे आहे की, हा प्रश्न धैर्याचा होण्याआधी लेखनाचा असतो. वैद्याच्या हातून जे घडते किंवा घडत नाही, ते एका विशिष्ट लेखनप्रकारात घडते. त्या प्रकाराचे संकेत, त्यातील कर्त्याची अनुपस्थिती आणि त्याचा अपेक्षित वाचक यांचा विचार केल्याशिवाय या नैतिक प्रश्नाला हात घालता येत नाही. साहित्यसमीक्षेने त्यात लक्ष घालावे ते एवढ्यासाठी.

बीड जिल्ह्यातील केज हे तालुक्याचे गाव बीडहून अंबाजोगाईला जाणाऱ्या रस्त्यावर आहे. निजामी राजवटीत अंबाजोगाईचे नाव मोमिनाबाद होते, आणि मोमिनाबादची ओळख दीर्घकाळ घोडदळाची छावणी अशी होती. निजामाच्या पैशावर पोसलेले आणि ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालचे हे सैन्य पुढे हैदराबाद कंटिंजंट म्हणून ओळखले गेले. त्याच्या खर्चापोटी १८५३च्या तहाने वऱ्हाड प्रांत कंपनीच्या कारभाराखाली गेला. म्हणजे रयत एकाची, पगार तिच्या साऱ्यातून, आणि हुकूम भलत्याच ठिकाणाहून. सरहद्दीची व्याख्या नकाशावरून करण्याऐवजी या व्यवस्थेवरून करावी असे मला वाटते : अन्याय झाला तर दाद नेमकी कोणाकडे मागायची हे जेथे कोणालाच सांगता येत नाही, ती सरहद्द. या अर्थाने केज-मोमिनाबादचा मुलूख मध्य दख्खनमध्ये असूनही सरहद्दच होता. त्या व्यवस्थेची एक खूण भाषेत शिल्लक आहे. लष्कराच्या चौकीला आपण ठाणे म्हणत असू. घोडी गेली, स्वार गेले, पण शब्द राहिला आणि त्याच्यामागे ‘पोलीस’ हे विशेषण लागले नाही, तर त्याच्यापुढे लागले.

१८२७ साली याच मोमिनाबादेत निजामाच्या घोडदळातील बंडखोर स्वारांनी आपला वरिष्ठ अधिकारी कर्नल डेव्हिस याला ठार मारले. बंडाचे कारण म्हणून दाढीविषयीच्या एका हुकमाचा आणि जबरदस्तीने केलेल्या हजामतीचा उल्लेख केला जातो. पुढे हे बंड मोडून काढण्यात आले. छावणीच्या इतिहासात सेनापतीचे नाव टिकले. ज्याची दाढी उतरवली त्याचे नाव त्या इतिहासाच्या कथनाला आवश्यक वाटले नाही. पण येथे मला दुसराच मुद्दा महत्त्वाचा वाटतो. जबरदस्तीने दाढी उतरवलेला स्वार छावणीच्या डॉक्टरकडे गेला असता, तर डॉक्टरने काय लिहिले असते? इजा नाही. हे विधान शंभर टक्के खरे ठरले असते. ज्या अपमानापायी माणसे फासावर जायला तयार होतात, त्याचा व्रण शरीरावर उमटत नाही. वैद्यकाच्या भाषेची ही मर्यादा आरंभीच नोंदवून ठेवतो, कारण पुढे देसाईगंजच्या खटल्यात ती पुन्हा भेटणार आहे.

छावणीतील वैद्याची जागा कोणती, याचा विचार आपल्या परंपरेने फार पूर्वी केला आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात युक्तसेनीय नावाचा चौतिसावा अध्याय आहे. शत्रू वाटा, पाणी, सावली, अन्न, वैरण, सरपण यांत विष कालवतो, म्हणून वैद्याने राजाला जपावे, असे त्यात सांगितले आहे. आणि मग स्थापत्याचा एक तपशील येतो : मोठ्या छावणीत वैद्याचे ठिकाण राजगृहाच्या लगत, सर्व साधनांनी सज्ज असे असावे. तेथे तो ध्वजासारखा दुरून दिसतो आणि विषाने, शल्याने, रोगाने पीडलेले लोक न गोंधळता त्याच्यापाशी पोहोचतात. या रचनेत एक अंतर्विरोध आहे आणि तो ग्रंथकाराला खटकलेला नाही. तंबू राजाच्या शेजारी आहे तो राजाच्या सोयीसाठी. ध्वज उंच आहे तो घायाळांच्या सोयीसाठी. राजानेच घायाळ केलेला माणूस त्या ध्वजाच्या दिशेने आला तर काय, हा प्रश्न तेथे उपस्थित होत नाही. चरकसंहितेत तो उपस्थित होतो आणि निकालातही निघतो. विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात शिष्याला दीक्षा देताना जे दंडक सांगितले आहेत, त्यांत राजाला जे अप्रिय आहेत किंवा जे राजाचा द्वेष करतात, त्यांना औषध देऊ नये असा स्पष्ट निर्बंध आहे. महाजनांच्या बाबतीतही तसाच. ज्या चरकसंहितेत भूतदयेचा एवढा उदात्त उच्चार आहे तिच्यातच हा निर्बंध असावा, याचे आश्चर्य वाटून घेण्याचे कारण नाही. वैद्यकीय नीतीची उज्ज्वल परंपरा सांगताना हा भाग गाळण्याची जी पद्धत आपल्याकडे रूढ आहे, ती मात्र मला अप्रामाणिक वाटते. परंपरेने हा प्रश्न ओळखला होता, हेच तिचे मोठेपण. तिने दिलेले उत्तर आपण नाकारले पाहिजे.

आधुनिक राज्याने वैद्याला राजगृहाच्या आणखी जवळ आणले. १८९० साली चेखॉव साखालिन बेटावर गेला. तेथील फटक्यांच्या शिक्षेचे त्याने जे वर्णन केले आहे, त्यात एक तरुण डॉक्टर आहे. कैद्याच्या छातीला कान लावून तो ऐकतो, हे हृदय किती फटके सोसेल ते ठरवण्यासाठी. ही रशियाची खासियत नव्हती. हिंदुस्थानातील १८९४च्या तुरुंग कायद्यानेही फटक्यांची शिक्षा अधीक्षक आणि वैद्यकीय अधिकारी किंवा त्याचा दुय्यम यांच्या उपस्थितीतच द्यावी असा दंडक घातला. सकृद्दर्शनी ही दया आहे. पण नाडीवर बोट ठेवणारा हात आता फटक्यांची संख्या मोजतो, आणि शिक्षेला सह्य, म्हणजे नियमित, म्हणजे पुन्हापुन्हा देता येण्याजोगी करतो. साखालिनहून परतल्यावर दोन वर्षांनी चेखॉवने ‘वॉर्ड क्रमांक सहा’ लिहिली. तिच्यातील डॉक्टर रागिन वाईट माणूस नाही. तो वाचतो, विचार करतो, दुःख हे मनाच्या धारणेवर अवलंबून असते असे मानतो, आणि त्याच्याच इस्पितळात पहारेकरी निकिता रुग्णांना बुक्क्यांनी मारत असतो. शेवटी रागिन स्वतःच त्या खोलीत कोंडला जातो आणि निकिताच्या मुठी त्याच्यावर पडतात, तेव्हा त्याला जे कळते ते कोणत्याही ग्रंथातून कळलेले नव्हते. या कथेचे वाचन निष्क्रियतेवरची टीका म्हणून केले जाते आणि ते बरोबरच आहे. पण रागिनचा खरा दोष असा की, तो वीस वर्षे निकिताविषयी एकही ओळ लिहीत नाही.

आता ज्या लेखनप्रकाराचा उल्लेख वर केला, त्याकडे वळू. जखमांचा दाखला ही संहिता आपल्या परिचयाची आहे, पण आपण ती संहिता म्हणून वाचत नाही. तिची वाक्यरचना कर्मणी असते. इजा ‘झालेली आढळते’. ती ‘कठीण व बोथट वस्तूने’ झालेली असते. ती वस्तू कोणाच्या हातात होती हे दाखला सांगत नाही, आणि सांगूही नये, कारण डॉक्टरने हात पाहिलेला नसतो. नव्या समीक्षेत शिकलेला वाचक येथे लगेच म्हणेल की, कर्त्याचा हा लोप म्हणजे सत्तेची भाषिक सोय. मला हा निष्कर्ष घाईचा वाटतो. याच बंधनात राहून दाखला पुष्कळ काही सांगू शकतो. दोन समांतर रेघा आणि मधे कोरी कातडी, ही दंडगोल काठीच्या आघाताची खूण आहे. भिंतीवर पडलेल्या माणसाच्या पाठीवर ती उमटत नाही. तळपायावरची सूज पायऱ्यांवरून घसरल्याने येत नाही. साकळलेल्या रक्ताचा रंग तांबड्याकडून निळसर, मग हिरवट, मग पिवळा होत जातो. त्यावरून नेमका दिवस काढण्याला मर्यादा आहेत हे आता मान्य झाले असले, तरी वेगवेगळ्या रंगांचे वळ एकाच दिवशीच्या झटापटीचे आहेत का, ही शंका त्यातून रास्तपणे उभी राहते. म्हणजे कर्त्याचे नाव न घेता कर्त्याभोवतीचे वर्तुळ इतके लहान करत आणता येते की त्यात एकच माणूस मावावा. उलट ‘अंगावर किरकोळ खरचटल्याच्या खुणा’ एवढ्या एका ओळीत तेच शरीर संपवता येते. दोन्ही डॉक्टर खोटे बोललेले नाहीत. त्यांच्यातील फरक सत्य आणि असत्य यांचा नसून विशेषणांच्या आणि मापांच्या काटेकोरपणाचा, म्हणजे शैलीचा आहे. शैली ही नैतिक बाब असते, हे विधान आपण कादंबरीच्या संदर्भात अनेकदा करतो. ज्या संहितेवर कोणाची कोठडी अवलंबून आहे, तिच्या संदर्भात ते अधिक जबाबदारीने करता येते.

दक्षिण आफ्रिकेतील पोर्ट एलिझाबेथ हे शहर ईस्टर्न केपमध्ये, म्हणजे जुन्या केप वसाहतीच्या सरहद्दीच्या मुलखात आहे. सप्टेंबर १९७७ मध्ये तेथे स्टीव्ह बिको पोलिसांच्या ताब्यात होते. जिल्हा शल्यचिकित्सक आयव्हर लँग यांनी त्यांना तपासले आणि कोणतीही विकृती आढळली नाही असे प्रमाणपत्र दिले. जखमा त्यांना दिसल्या होत्या. मेंदूला इजा झालेल्या बिकोंना हजार किलोमीटरहून दूर प्रिटोरियाला गाडीतून नग्नावस्थेत नेण्यात आले आणि १२ सप्टेंबरला त्यांचा मृत्यू झाला. आठ वर्षांनी, आणीबाणीच्या काळात, त्याच शहरात, त्याच लँग यांच्या हाताखाली वेंडी ऑर ही तरुण डॉक्टर स्थानबद्धांची तपासणी करत होती. तिने तपासलेल्या माणसांच्या नोंदी एकत्र केल्या आणि सप्टेंबर १९८५ मध्ये त्या घेऊन थेट न्यायालयात गेली. स्थानबद्धांना मारहाण करण्यास पोलिसांना मनाई करणारा आदेश न्यायालयाने दिला. ऑरने काय केले हे नीट पाहावे. तिने आरोपीचा चेहरा पाहिला नव्हता. एकेकटी नोंद मुकीच होती. त्या शेजारी शेजारी ठेवल्यावर त्यांतून एक पद्धत दिसू लागली. हे काम संपादकाचे आहे.

फूकोने १९६३ साली वैद्यकीय नजरेचा आणि १९७५ साली शिस्तीच्या तंत्राचा जो इतिहास मांडला, त्याने गेल्या काही दशकांतील आपल्या समीक्षेला पुष्कळ दिले. ज्ञान सत्तेच्या बाहेर उभे नसते, हे त्याने शिकवले. पण त्या मांडणीचा एरवी उपयोग करणाऱ्या कोणालाही मी हे विचारेन : लँग आणि ऑर यांच्यात तुम्ही फरक कसा करता? नजर तीच, संस्था तीच, तपासणीचा कागद तोच, पगार देणारे सरकार तेच. नजरेच्या इतिहासात दोघे एकाच पानावर येतात. ज्या सिद्धांताला या दोघांत भेद करता येत नाही, तो सत्तेविषयी कितीही सांगत असला तरी तिच्या दुरुपयोगाविषयी काहीच सांगत नाही. मारहाण झालेल्या माणसाला मात्र हा भेद तपासणीच्या मेजावर तत्काळ कळतो.

कुट्सीची ‘वेटिंग फॉर द बार्बेरियन्स’ ही कादंबरी १९८०ची, बिकोंच्या मृत्यूनंतरची. तिच्यात निनावी साम्राज्याचे सरहद्दीवरचे ठाणे आहे आणि राजधानीहून आलेला कर्नल जोल आहे. चौकशीत एक म्हातारा मरतो. जोलच्या अहवालात कैदी खवळला, झटापट झाली, तो भिंतीवर आदळला, असे लिहिलेले असते. निवेदक मॅजिस्ट्रेट तो अहवाल वाचतो आणि मग प्रेताकडे जातो. कादंबरीचा सगळा नैतिक प्रवास कागदापासून शरीरापर्यंतच्या या चार पावलांत आहे. पुढे तो छळ झालेल्या मुलीचे पाय धुतो, चोळतो, तिच्या व्रणांचा अर्थ लावू पाहतो, आणि तो त्याला लागत नाही. टीकाकारांनी या अर्थ न लागण्याचे फार कौतुक केले आहे. मला त्यात एक पोकळी दिसते : ज्याने त्या व्रणांची लांबी-रुंदी नोंदवली असती असा माणूस त्या ठाण्यात कोणत्याच क्षणी पुढे येत नाही. व्रण गूढ ठरतात ते ते कोणी वेळेवर लिहिले नाहीत म्हणूनही.

येथपर्यंतचे प्रतिपादन वाचून कोणाला वाटेल की काटेकोर वर्णन केले की वैद्याचे काम संपले. तसे असते तर प्रश्न सोपा होता. २६ मार्च १९७२ रोजी त्या वेळच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा खटला सर्वपरिचित आहे. खटल्याला तिचे नाव चिकटले. ते येथे पुन्हा लिहीत नाही. वैद्यकीय तपासणीत तिच्या अंगावर इजा आढळली नाही. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने पोलिसांना दोषी धरले होते. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडले, आणि इजेचा अभाव हा संमतीचा पुरावा मानला. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चौघांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना लिहिलेल्या अनावृत पत्रात या अन्वयार्थावरच बोट ठेवले : शरण जाणे म्हणजे संमती देणे नव्हे. १९८३ मध्ये कायदा बदलला. मोमिनाबादच्या स्वाराप्रमाणे येथेही ‘इजा नाही’ हे वाक्य खरे होते आणि त्याच्या वाचनातून अन्याय झाला. म्हणजे आपल्या नोंदीतील मौन कसे वाचले जाईल याची जबाबदारीही लेखकावर येते. मराठी मुलखातीलच एक उदाहरण या संदर्भात मला मोलाचे वाटते. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतील न्यायवैद्यक तज्ज्ञ डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी अशा तपासण्यांच्या सदोष पद्धतीवर अहवाल तयार केला, आणि २०१०च्या सुमारास तो प्रश्न जनहित याचिकेच्या रूपाने नागपूर खंडपीठापुढे गेला. पुढे केंद्रीय आरोग्य खात्याच्या २०१४च्या मार्गदर्शक सूचनांत, इजा नसणे म्हणजे संमती नव्हे, हे स्पष्टपणे आले आणि बोटांनी करावयाच्या अपमानास्पद चाचणीला मनाई झाली. या बंडात आवाज चढवलेला नाही. लेखनप्रकाराचा साचाच येथे बदलला आहे.

या विवेचनात द्वारकानाथ कोटणिसांचे नाव का नाही, असे कोणी विचारील. सोलापूरचा हा डॉक्टर १९३८ मध्ये चीनच्या युद्धभूमीवर गेला आणि १९४२ मध्ये तेथेच वारला. त्याच्या त्यागाविषयी दुमत नाही. पण त्याने ज्यांच्या जखमा बांधल्या त्या शत्रूने केलेल्या होत्या. तालुक्याच्या सरकारी डॉक्टरचा पेच वेगळा आहे : जखम करणारा आणि पगार देणारा एकाच राज्याचा असतो, आणि रात्री रुग्णाला घेऊन येणारा शिपाई उद्याही येणार असतो. कोटणिसांचा आदर्श या डॉक्टरपुढे ठेवणे म्हणजे त्याला कठीण प्रश्नाऐवजी भव्य प्रश्न देणे होय.

डिसेंबर २०२४ मध्ये एका आठवड्याच्या आत मराठवाड्यात दोन मृत्यू झाले. ९ तारखेला केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे अपहरण करून खून करण्यात आला. १५ तारखेला परभणीत सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला. पहिल्या प्रकरणात सत्ता गणवेशातली नव्हती, दुसऱ्यात होती. म्हणून दोन्ही एकत्र गुंफण्याचा मोह टाळला पाहिजे. पण लेखनाच्या दृष्टीने त्यांत एक बोधक विरोध आहे. मस्साजोगच्या प्रकरणात राज्य हादरले ते दोषारोपपत्रातील छायाचित्रे मार्च २०२५ मध्ये बाहेर आल्यावर; दुसऱ्याच दिवशी एका मंत्र्याला पद सोडावे लागले. ती छायाचित्रे मारहाण चालू असताना, मारणाऱ्यांच्या बाजूने टिपलेली होती. त्यांत मृत माणूस दिसतो तो त्यांच्या नजरेने. परभणीत असे चित्र नव्हते. मृत्यूचे कारण म्हणून आरंभी छातीत दुखू लागल्याची माहिती देण्यात आली. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय रुग्णालयात शवविच्छेदन झाले, आणि तेथील डॉक्टरांच्या प्राथमिक अभिप्रायात अनेक जखमांमुळे बसलेला धक्का हे कारण आले. एका ओळीचा मजकूर. विधानसभेतील उत्तरे, पोलिसांची निवेदने आणि वृत्तपत्रांतील रकाने त्या ओळीभोवती फिरत राहिले. जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. त्या ओळीखाली ज्यांनी सह्या केल्या, ते पडद्यावर आले नाहीत, त्यांच्या मुलाखती झाल्या नाहीत. त्यांनी राजीनामेही दिले नाहीत. ते दुसऱ्या दिवशी कामावर गेले असतील.

अटक झालेल्या माणसाची वैद्यकीय तपासणी आणि कोठडीत दर अठ्ठेचाळीस तासांनी तिची पुनरावृत्ती हा दंडक सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू प्रकरणात १८ डिसेंबर १९९६ रोजी घातला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ५३व्या कलमातही डॉक्टरने इजा, हिंसेच्या खुणा आणि त्या अंदाजे केव्हा झाल्या हे लिहावे असे आहे. त्याच कलमात आणखी एक तरतूद आहे, जी कायद्याच्या भाष्यांत चटकन ओलांडली जाते : या नोंदीची प्रत अटक झालेल्या व्यक्तीला, किंवा तिने नेमलेल्या माणसाला द्यायची असते. दाखल्याचा वाचक ठाणे अंमलदार आणि न्यायाधीश एवढाच नाही. ज्याच्या अंगावरून तो लिहिला जातो, तोही त्याचा वाचक आहे.

केजच्या रस्त्यावरून रात्री पोलिसांची गाडी रुग्णालयाच्या आवारात येते तेव्हा डॉक्टरपुढे तीन गोष्टी असतात : छापील नमुना, मोजपट्टी आणि दारात उभा असलेला शिपाई. शिपायाला खोलीबाहेर थांबायला सांगणे ही पहिली पायरी. मग अंगावरचा शर्ट पूर्ण काढायला लावणे, पाठ पाहणे, तळपाय पाहणे. विचारणे, आणि सांगितलेले त्याच्याच शब्दांत लिहिणे. तो ‘मुका मार आहे’ म्हणाला, तर तेही.